श्रीलंका कमी खर्चात: आधी महिना, मग किनारा

मेच्या सुटीत दक्षिण किनाऱ्यावरचे मिरिस्सा आणि दिवाळीच्या सुटीत पूर्व किनाऱ्यावरचे त्रिंकोमाली. श्रीलंकेला पहिल्यांदा निघणाऱ्या मराठी घरांतून या दोन चुका हमखास होतात. विमानाचे तिकीट स्वस्तात मिळते, समुद्राकाठची खोली निम्म्या दरात मिळते आणि तिथे पोचल्यावर दिसते की होड्या वाळूवर ओढून ठेवल्या आहेत, दर्या खवळला आहे आणि किनाऱ्यावर लाल बावटा लागला आहे. स्वस्त खोलीचे कारण तेव्हा कळते. म्हणून या देशाच्या सहलीत पैसे वाचवायचे असतील, तर पहिला निर्णय महिन्याचा. हॉटेल, विमान, ठिकाणे हे सगळे त्यानंतर.

महिन्याप्रमाणे किनारा

श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढे. पण या छोट्या बेटावर पाऊस दोन वेगवेगळ्या बाजूंनी येतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे कोलंबो, गॉल, मिरिस्सा या बाजूला धडकतात आणि मधल्या डोंगरांवर रिकामे होतात. आपल्या सह्याद्रीसारखेच आहे हे: कोकणात धो धो आणि घाट ओलांडला की देश कोरडा. त्यामुळे याच दिवसांत पूर्व किनारा निवांत, निळा आणि पोहण्याजोगा असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी वारे उलट दिशेने, ईशान्येकडून येतात. मग पूर्वेला पाऊस आणि दक्षिण-पश्चिमेला लख्ख ऊन.

आपल्या सुट्यांशी हे जुळवून पाहा.

मेची सुटी: पूर्व किनारा. त्रिंकोमालीजवळचे उप्पुवेली आणि निलावेली, त्याखाली पासिकुडा. लाटांवर स्वार व्हायचे असेल तर आणखी खाली अरुगम बे.

नाताळची सुटी: दक्षिण किनारा उत्तम, पण २० डिसेंबर ते १० जानेवारी हे तिथले सर्वांत महाग दिवस. ज्यांच्या घरी शाळेची अडचण नाही त्यांनी जानेवारीचा शेवट ते मार्चचा शेवट हा काळ धरावा. हवा तीच, दर मात्र बरेच खाली येतात.

दिवाळीची सुटी: सर्वांत अवघड. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर कुठेही ढगफुटीसारखा पाऊस पडू शकतो आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही याच सुमारास येतात. नोव्हेंबर २०२५ मधल्या दित्वा चक्रीवादळाने पूर आणि दरडींनी मोठी हानी केली, डोंगरातला रेल्वेमार्गही त्यात उखडला. दिवाळीत जायचेच असेल, तर समुद्रस्नानावर सहल बेतू नका. सकाळी भटकंती, दुपारी छप्पर, असा कार्यक्रम ठेवा, आणि पैसे परत मिळतील अशाच खोल्या घ्या.

आणखी दोन तारखा पाहून ठेवा. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असते. त्या आठवड्यात अख्खा देश गावी जातो, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि खाण्याच्या टपऱ्या बंद असतात. दुसरी म्हणजे दर पौर्णिमा. तिला तिथे ‘पोया’ म्हणतात आणि ती सार्वजनिक सुटी असते. मद्यविक्री बंद, देवळांत गर्दी, गाड्या भरलेल्या. पोयाच्या दिवशी शक्यतो मुक्काम हलवू नका.

किती दिवस, किती मुक्काम

संपूर्ण बेटाची प्रदक्षिणा आठ दिवसांत घालायचा मोह होतो. तो आवरा. नकाशावर १०० किलोमीटर दिसले की बसला साडेतीन तास धरायचे, डोंगरात चार. रोज मुक्काम बदलला की रोज रिक्षाभाडे, रोज बाहेरचे महागडे जेवण आणि अर्धा दिवस सामान उचलण्यात जातो. आठ रात्रींना चार मुक्काम ही मर्यादा समजा.

डिसेंबर ते मार्चसाठी पहिल्या सहलीचा चांगला मार्ग असा: पहिली रात्र विमानतळाजवळचे नेगोम्बो, मग डोंगरातली कँडी दोन रात्री आणि एल्ला दोन रात्री, शेवटच्या तीन रात्री मिरिस्सा, वेलिगामा किंवा उनावटुना. गॉल तिथूनच बसने अर्ध्या दिवसात होते. सिगिरिया, म्हणजे उंच खडकावरचा प्राचीन किल्ला, बघायचाच असेल, तर कँडीहून एका दिवसात जाऊन येण्याऐवजी कँडीची एक रात्र कमी करून दंबुल्ला-सिगिरियाला एक रात्र राहा. कँडी ते दंबुल्ला बसने अडीच तास, पुढे सिगिरिया पाऊण तास, आणि परतीलाही तेवढेच. एका दिवसात हे केले की खडक चढायची वेळ नेमकी भर दुपारी येते.

मे ते सप्टेंबरसाठी: नेगोम्बो एक रात्र, दंबुल्ला किंवा सिगिरिया दोन, उप्पुवेली तीन, परतीच्या वाटेवर कँडी दोन. या मार्गाची वाखाणणी फारशी होत नाही, पण खर्चाच्या दृष्टीने तो पहिल्यापेक्षा सरस आहे. अंतरे कमी, समुद्र शांत, आणि त्रिंकोमालीला कोणेश्वराचे देऊळ कड्याच्या टोकावर आहे, जिथून उपसागर थेट खाली दिसतो.

कागदपत्रे आणि तिकीट

मुंबई-कोलंबो थेट उड्डाण सुमारे अडीच तासांचे. घड्याळ बदलावे लागत नाही, तिथली वेळ आणि आपली वेळ एकच. थेट तिकीट महाग वाटले तर चेन्नईमार्गे पाहा, पण दोन स्वतंत्र तिकिटे घेत असाल तर मध्ये किमान पाच तास ठेवा. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. चेन्नईहून उत्तर टोकाच्या जाफन्यालाही विमान जाते. तमिळनाडूतल्या नागपट्टणमहून जाफन्याजवळच्या कांकेसंतुराईला जाणारी बोट २०२३ मध्ये सुरू झाली. ती स्वस्त आहे, पण हवामान बिघडले की बंद होते. नेमकी सुटी असणाऱ्यांनी तिच्यावर विसंबू नये.

प्रवेशासाठी ‘ईटीए’ म्हणजे ऑनलाइन परवानगी लागते. क्रम असा:

१. पासपोर्टची मुदत पोचण्याच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक आहे का ते बघा.
२. अर्ज फक्त श्रीलंका सरकारच्या संकेतस्थळावर करा. पत्त्याचा शेवट ‘डॉट जीओव्ही डॉट एलके’ असाच असतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे शोधात वर येतात आणि त्याच कागदाचे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.
३. भारतीयांना शुल्क आहे की माफ, हे २०२३ पासून अनेकदा बदलले आहे. अर्ज करण्याच्या दिवशीच ते पाहा, कुणाच्या जुन्या सल्ल्यावर जाऊ नका.
४. नाव पासपोर्टवर आहे तसेच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह त्याच क्रमाने भरा. मराठी नावांत मधले नाव गाळले जाते आणि विमानतळावर तिथेच खोळंबा होतो.
५. परवानगी, परतीचे तिकीट आणि पहिल्या रात्रीच्या खोलीची पावती, तिन्ही कागदावर छापून घ्या.

पैसे

मनातल्या मनात हिशेब करायला लंकन रुपयांना साडेतीनने भागा, म्हणजे आपले रुपये मिळतात. ७०० रुपयांची थाळी म्हणजे आपले २००. हा दर थोडा वरखाली होतो, पण घासाघीस करताना एवढा अंदाज पुरतो.

फेब्रुवारी २०२४ पासून आपले यूपीआय श्रीलंकेत चालते, मात्र ठरावीक क्यूआर असलेल्या दुकानांतच, आणि आधी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावा लागतो. बस, टपरी, रिक्षा, गावातली खाणावळ इथे रोख लागते. थोडे डॉलर सोबत ठेवा, विमानतळाच्या आत बँकांच्या खिडक्यांवर दर तुलना करून बदला आणि पावती जपून ठेवा, परतताना उरलेले रुपये बदलायला ती लागते. १०० आणि ५०० च्या नोटा मागून घ्या. पाच हजाराची नोट बस कंडक्टरपुढे धरली की तुमची आणि त्याची, दोघांचीही पंचाईत होते.

उपाहारगृहाच्या दरपत्रकावर किंमतीपुढे दोन अधिक चिन्हे दिसली, तर त्यावर १० टक्के सेवा आकार आणि १८ टक्के व्हॅट लागणार असे समजा. हजाराचा पदार्थ जवळजवळ तेराशेला पडतो. समुद्राकाठच्या उपाहारगृहांत हे सर्रास असते, गल्लीतल्या खाणावळीत नसते.

विमानतळ ते पहिली रात्र

विमानतळ कोलंबोत नाही, तो तीसेक किलोमीटर उत्तरेला कटुनायके इथे आहे. रात्री उतरणारे बरेच जण सवयीने कोलंबोची टॅक्सी करतात आणि दुसऱ्या दिवशी कँडीसाठी पुन्हा बाहेर पडतात. त्यापेक्षा नेगोम्बो जवळ, जेमतेम दहा किलोमीटर, आणि खोल्याही स्वस्त. दिवसा कोलंबोला जायचे असेल तर १८७ क्रमांकाची बस फोर्ट भागात सोडते.

सिमकार्ड विमानतळावरच घ्या. डायलॉग आणि मोबिटेल या दोन्हींचे पर्यटकांसाठीचे पॅक असतात, डोंगरातही चालतात. मग ‘पिकमी’ हे तिथले रिक्षा-टॅक्सीचे ॲप घाला. रिक्षाला तिथे टुकटुक म्हणतात. ॲपवर दिसणारे भाडे हाच घासाघिशीचा आधार, कारण एल्ला-मिरिस्सासारख्या गावांत ॲपची रिक्षा दर वेळी मिळत नाही आणि रस्त्यावरचा चालक दुप्पट सांगतो. बसायच्या आधी भाडे ठरवा, ते सगळ्यांचे मिळून आहे ना हे विचारा. ‘आज देऊळ बंद आहे, त्याऐवजी मसाल्याची बाग दाखवतो’ असे कुणी म्हटले तर नम्रपणे नको म्हणा. बागेत आणि रत्नांच्या दुकानात चालकाला दलाली असते, आणि ती तुमच्या खरेदीतूनच निघते.

आगगाडी

कँडी ते एल्ला हा सहा-सात तासांचा प्रवास चहामळे, धबधबे आणि धुक्यातून जातो, आणि खरे तर तो स्वतःच एक प्रेक्षणीय स्थळ आहे. वाटेतले पत्तिपोला स्थानक १,८९१ मीटर उंचीवर आहे. दादर-माथेरान एवढीच थंडी माहीत असणाऱ्यांनी स्वेटर वरच ठेवावा.

आरक्षण प्रवासाच्या ३० दिवस आधी उघडते आणि या मार्गावर काही मिनिटांत संपते. मग एजंट तेच तिकीट कितीतरी पट दराने विकतात. त्यांच्याकडून घेऊ नका. त्याऐवजी हे करा:

आरक्षण उघडते त्या दिवशी रेल्वेच्या सरकारी संकेतस्थळावर बसा, दुसरा किंवा तिसरा वर्ग निवडा. पहिल्या वर्गाचा वातानुकूलित डबा टाळलेला बरा, त्याच्या खिडक्या उघडत नाहीत आणि काचेतून हिरवा रंगही फिका दिसतो. आरक्षण नाही मिळाले, तर साधे तिकीट त्याच दिवशी खिडकीवर काहीशे रुपयांत मिळते, ते कधी ‘संपत’ नाही. गाडी यायच्या तासभर आधी फलाटावर जा. पहिले साडेतीन-चार तास उभे राहावे लागेल, मग नानू ओया स्थानकाला नुवारा एलिया या थंड हवेच्या गावाचे प्रवासी उतरतात आणि जागा मोकळी होते. सगळे जण कँडीहून एल्लाकडे जातात, म्हणून मार्ग उलटा आखला, आधी समुद्र मग डोंगर, तर गर्दी बरीच कमी लागते. आणि उभे राहायचेच नसेल तर नानू ओया ते एल्ला एवढाच तुकडा गाडीने करा. देखाव्याचा मोठा भाग त्यातच आहे.

पावसाळ्यानंतर दरडींमुळे या मार्गाचे तुकडे बंद असतात. निघायच्या आठवड्यात कोणत्या स्थानकापर्यंत गाडी जाते हे मुक्कामाच्या घरमालकाला विचारा, त्याला नक्की माहीत असते. दरवाज्यात लटकून फोटो काढू नका. वळणावर खडक अगदी डब्याला चिकटून येतात आणि असे करताना पर्यटकांचे जीव गेले आहेत.

कोलंबो फोर्ट ते गॉल हा दुसरा मार्ग मात्र सोपा. अडीच-तीन तास, रूळ समुद्राला लागून. दक्षिणेला जाताना उजवीकडे बसा. शुक्रवारी संध्याकाळी ती गाडी म्हणजे आपली विरार लोकल, ती वेळ चुकवा.

बस

लाल रंगाच्या सरकारी बस आपल्या लालपरीच्या बहिणी शोभतील अशाच. खासगी बस जास्त वेगाने आणि जास्त हॉर्न वाजवत जातात. आरक्षण लागत नाही, चढायचे आणि कंडक्टरला गावाचे नाव सांगायचे. शंभर किलोमीटरला साध्या बसने तीनशे ते पाचशे लंकन रुपये धरा. मोठी बॅग चालकाशेजारी किंवा मागच्या सीटखाली ठेवतात. बॅगेने सीट अडवली तर तिचे तिकीट मागतात, आणि ते रीतसर असते, त्यावरून वाद घालू नका. म्हणूनच चाकांच्या मोठ्या बॅगेपेक्षा ४० लिटरची पाठपिशवी बरी. पुढची पहिली सीट बौद्ध भिक्खूंसाठी राखीव असते, रिकामी दिसली तरी बसू नका. उतरायचे असेल तेव्हा ‘बहिनवा’ म्हणा.

एल्लाहून समुद्राकडे उतरताना वेल्लवायामार्गे माताराला जाणारी बस घ्या, साधारण चार तास. घाटात गाडी लागणाऱ्यांनी अर्धा तास आधी गोळी घ्यावी. गॉलहून परत येताना द्रुतगती मार्गाची वातानुकूलित बस कोलंबोच्या वेशीवर मकुंबुरा स्थानकात दीड तासाच्या आत सोडते. चार-पाचशे रुपये जास्त जातात आणि दोन तास वाचतात. एवढा एकच ‘चैनीचा’ खर्च आम्ही सगळ्यांना सुचवतो.

भाड्याची स्कूटर दक्षिणेत सगळीकडे मिळते. आपला परवाना तिथे थेट चालत नाही. आंतरराष्ट्रीय परवान्यावर तिथली मान्यता किंवा तात्पुरता स्थानिक परवाना लागतो. दुकानदार विचारणार नाही, पोलीस विचारतील, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

राहणे

घराच्या एका मजल्यावर दोन-तीन खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबे हा श्रीलंकेतल्या स्वस्त प्रवासाचा कणा आहे. पंखा असलेली, स्वतंत्र स्नानगृहाची दोघांची खोली पाच ते नऊ हजार लंकन रुपयांत मिळते. वातानुकूलनासाठी हजार-दोन हजार जास्त. कँडी आणि एल्लाला त्याची गरजच नाही. समुद्राकाठी किनाऱ्यापासून ३०० मीटर आत गेलात की दर झपाट्याने उतरतो. पहिली रात्र आधी घ्या, पुढच्या मुक्कामांसाठी घरमालकाशी थेट बोला. सकाळचा नाश्ता धरून विचारा. नारळी संबोल म्हणजे खोबऱ्याची तिखट चटणी, आप्पम, फळे, चहा असा भरपेट नाश्ता झाला की दुपारचे जेवण हलक्यावर भागते. खोली ठरवताना गरम पाणी, मच्छरदाणी आणि पंख्याखाली पलंग, या तीनच गोष्टी पाहा. बटणाच्या पाट्यांत कुठे आपल्यासारखी गोल छिद्रे, कुठे तीन चौकोनी पिना, म्हणून एक अडॅप्टर जवळ असू द्या.

खाणे, आणि शाकाहारींसाठी महत्त्वाचे

दुपारी ‘राइस अँड करी’ खा. भात, परिप्पू म्हणजे मसुरीची नारळाच्या दुधातली आमटी, दोन-तीन भाज्या, पापड, संबोल. गावातल्या खाणावळीत ४०० ते ८०० लंकन रुपये. बऱ्याच ठिकाणी भात-आमटी पुन्हा वाढतात. केळीच्या पानात किंवा कागदात बांधलेले तेच जेवण पुडा म्हणून मिळते, रेल्वेप्रवासाला तोच न्या. रात्री कोत्तू, म्हणजे रोटीचे तुकडे भाज्यांबरोबर लोखंडी तव्यावर खणखणत परतलेले. एक ताट दोघांना पुरते.

शाकाहारी माणसाने एक शब्द पाठ करावा: उंबलकड. ही वाळवून कडक केलेली माशाची भुकटी. ती नारळाच्या संबोलात तर असतेच, पण भाज्यांच्या रश्श्यातही चवीपुरती पडते, आणि तिथल्या बऱ्याच जणांच्या लेखी तो ‘मासा’ नसतो. त्यामुळे नुसते ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. ‘मस एपा, मालु एपा, उंबलकड एपा’ असे तिन्ही म्हणा: मांस नको, मासा नको, भुकटी नको. त्याहून सोपे म्हणजे तमिळ ‘सैव’ खाणावळ शोधा. इडली, डोसा, वडा, भात-सांबार, सगळे निर्धास्त. जाफना, त्रिंकोमाली, कोलंबो, कँडी इथे त्या सहज मिळतात, दक्षिण किनाऱ्यावर कमी. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी थेपले, मेतकूट, भाजलेले पोहे नेलेच पाहिजेत.

मासे खाणाऱ्यांनी अंबुल थियल चुकवू नये. अंबुल म्हणजे आंबटच. कुप्याचे तुकडे गोरका या फळाच्या काळ्या सालीत आटवलेले असतात, आणि गोरका हा आपल्या कोकमाचा सख्खा भाऊ. कोकणी जिभेला तो लगेच ओळखू येतो. तिखट कमी हवे तर ‘मिरिस् अडुवेन्’.

नळाचे पाणी पिऊ नका. रस्त्याकडेची पिवळी शहाळी, ‘थंबिली’, स्वस्त आणि सुरक्षित.

समुद्रात उतरताना

पैशांपेक्षा हे महत्त्वाचे आहे. लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर परतीच्या पाण्याची ओढ जबर असते आणि चांगले पोहणारेच तिच्यात जास्त सापडतात, कारण ते बेफिकीर आत जातात. ओढ ओळखायची खूण: दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत आणि मधल्या पट्ट्यात पाणी सपाट, गढूळ किंवा गडद दिसते. नवख्याला तीच जागा शांत वाटते. सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका. तरंगत राहा, हात वर करून हाक द्या, किनाऱ्याला समांतर सरका आणि ओढ सैल झाली की तिरके बाहेर या. लाल बावटा असेल तर गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. संध्याकाळनंतर तर नकोच.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: माताराजवळचे पोल्हेना प्रवाळाच्या भिंतीने अडवलेले आहे, पाणी तळ्यासारखे. उनावटुनाची खाडीही हवामान चांगले असताना सुरक्षित. पूर्वेला पासिकुडा, जिथे कितीतरी आत गेले तरी पाणी कमरेएवढेच. मिरिस्सा दिसायला सुंदर, पण पोहायला दुय्यम. लाटांवर उभे राहायला शिकायचे असेल तर वेलिगामाची मऊ लाट उत्तम. दर ठरवताना फळी, शिक्षक आणि वेळ हे सगळे एकत्र विचारा. हिक्काडुवा आणि पोल्हेनाला कासवे किनाऱ्याजवळ येतात. हात लावू नका, शेवाळ खाऊ घालू नका. प्रवाळावर पाय देऊ नका, त्यात सागरी साळिंदराचे काटेही असतात, रबरी बूट घाला. शंख-प्रवाळ उचलून आणणे गुन्हा आहे.

मिरिस्साहून निळे देवमासे बघायला नोव्हेंबर ते एप्रिल बोटी जातात. तिकीट महाग, पहाटेची निघण्याची वेळ, आणि बोट लागणाऱ्याचे पाच तास वाया जातात. बजेट आवळलेले असेल तर हा खर्च पहिल्यांदा कापा.

तिकिटे कुठे लागतात, कुठे नाही

सिगिरियाचे परदेशी तिकीट सुमारे ३५ डॉलर, पण सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर आहे. त्यासाठी मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो. छायाचित्रावर सहसा भागत नाही, आणि न मागता सवलत मिळत नाही. खिडकी उघडताच जा, १,२०० च्या आसपास पायऱ्या आहेत आणि नऊनंतर खडक तापतो. गांधीलमाश्यांची पोळी आहेत, तिथे आवाज करू नका. पैसे वाचवायचे असतील तर समोरची पिदुरंगला टेकडी चढा. तिकीट त्या मानाने किरकोळ आणि पूर्ण सिगिरिया समोर दिसतो. शेवटचा टप्पा मात्र मोठ्या दगडांवरून हात टेकत चढायचा आहे, साडी किंवा चपलेत जमणार नाही.

बाकी यादी खिशाला सुखाची आहे. एल्लात १९२१ चा नऊ कमानींचा पूल, लिटल ॲडम्स पीक, एल्ला रॉक, तिन्ही फुकट आणि चालत. एल्ला रॉकच्या फाट्यावर चुकीची वाट दाखवून मग ‘मार्गदर्शक’ होणारे भेटतात, फोनवर नकाशा आधीच उतरवून घ्या. कँडीचे तळे, गॉलचा डच किल्ला आणि त्याच्या तटावरचा सूर्यास्त यांनाही पैसे पडत नाहीत. कोगलाचे समुद्रातल्या खांबावर बसणारे मच्छीमार फोटोचे पैसे मागतात, आधी विचारा.

हत्ती बघायला उदावलवे राष्ट्रीय उद्यान घ्या. तिथे ते वर्षभर दिसतात आणि ते एल्ला-समुद्र वाटेवरच आहे. जीपचे भाडे गाडीमागे असते, प्रवेश माणसामागे. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी आणखी तीन-चार जण जोडा, जीपचा खर्च तिसऱ्या हिश्शावर येतो. ‘याला’ नावाच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्याच्या आशेने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्याचा मुख्य भाग सहसा सप्टेंबरपासून दीड महिना बंद असतो.

देवळांत खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पायताण आणि टोपी बाहेर. अनुराधपुराच्या दगडांवर दुपारी पाय भाजतात, मोजे चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे हा तिथे अपमान समजतात. कँडीच्या दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या देवळात, पूजेच्या वेळी, सकाळी ५.३०, ९.३० किंवा संध्याकाळी ६.३० ला, पोचा.

हिशेब

दोघांसाठी रोजचे लंकन रुपये: खोली ७,०००, दोघांचे खाणे ५,०००, बस-गाडी-रिक्षा २,५००, किरकोळ १,५००. एकूण १६,०००, माणशी ८,०००. नऊ दिवसांचे माणशी ७२,०००, म्हणजे आपले साधारण २०,५००. त्यावर सिगिरिया, एक सफारी आणि इतर प्रवेशांसाठी माणशी २५,००० लंकन, म्हणजे सुमारे ७,००० रुपये. विमान आणि प्रवास विमा वेगळा. एकूण रकमेवर दहा टक्के शिल्लक ठेवा, ती बहुधा चुकलेल्या बसमुळे केलेल्या टॅक्सीतच जाते.

आणीबाणीसाठी तीन क्रमांक फोनमध्ये घाला: पोलीस ११९, मोफत रुग्णवाहिका १९९०, पर्यटन मदत १९१२.

परतीचे विमान सकाळचे असेल तर शेवटची रात्र पुन्हा नेगोम्बोला. संध्याकाळचे असेल तर गॉलहून विमानाच्या वेळेआधी आठ तास निघा, मकुंबुराहून पुढे ॲपची टॅक्सी घ्या. उरलेल्या लंकन नोटा विमानतळावर सामान देण्याआधीच पावती दाखवून बदला, त्या मुंबईत घेणारा सापडत नाही.